पाळी गेल्यानंतरची हॉर्मोन गोळी: भीती कुणाला, गरज कुणाला?

अठ्ठेचाळीस वर्षांची एक बाई छातीत धडधडते म्हणून मेडिसिनच्या ओपीडीत येते. ईसीजी काढला जातो, तो नॉर्मल येतो. पुढच्या महिन्यात सांधे दुखतात म्हणून ती हाडांच्या डॉक्टरांकडे जाते, कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन परतते. झोप लागत नाही, उगाच रडू येते म्हणून कुणीतरी मानसोपचार विभागाची चिठ्ठी देते. लघवीला जळजळ होते म्हणून लघवीची तपासणी होते. चार विभागांत चार केसपेपर तयार होतात आणि त्या चारही कागदांवर एक प्रश्न कुठेच लिहिलेला नसतो: पाळी शेवटची कधी आली होती?

बाईही आपणहून सांगत नाही. समोर पुरुष डॉक्टर असेल तर नाहीच. अगदी उठता उठता, दाराशी पोचल्यावर ती म्हणते, ‘डॉक्टर, अंगातनं वाफा निघतात हो. पंखा चालू असतो, घरात सगळ्यांना गार वाटत असतं, आणि मला एकटीलाच घाम फुटतो.’ तोवर पुढचा रुग्ण आत आलेला असतो.

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते. पाश्चात्त्य देशांत हे वय ५१च्या आसपास आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते; पण त्रास त्याच्या बराच आधी, पाळी मागेपुढे होऊ लागल्यापासून सुरू होऊ शकतो. बीजांडकोशात तयार होणारे इस्ट्रोजेन हे हॉर्मोन आधी हेलकावे खाते आणि मग घसरते. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग शरीराचे तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन असते तेव्हा तो अर्ध्या-पाव अंशाचा चढउतार मनावर घेत नाही. ते घसरले की तिथल्या काही चेतापेशी नको इतक्या जाग्या होतात आणि एवढ्याशा उष्णतेलाही शरीर तापले असे समजून वागतात. कातडीतल्या रक्तवाहिन्या एकदम रुंदावतात, चेहरा-मान लाल होते, घाम सुटतो, छाती धडधडते आणि दोन-चार मिनिटांनी उलट थंडी वाजते. रात्री हे चार-पाच वेळा झाले तर सकाळी चिडचिड होणार नाही तर काय होईल? घरच्यांना मात्र तो ‘स्वभाव’ वाटतो.

‘वर्षभरात जाईल आपोआप’ असे या स्त्रियांना सांगितले जाते. अमेरिकेत ‘स्वान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात हजारो स्त्रियांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. ज्यांना वारंवार वाफा येत होत्या त्यांच्यापैकी निम्म्या स्त्रियांना हा त्रास सात वर्षांहून अधिक काळ झाला. सगळ्यांना तो सारखा नसतो. काहींना काहीच होत नाही, काहींना ओढणीने वारा घेतला की भागते. पण ज्यांना तीव्र त्रास आहे त्यांच्यासाठी सात वर्षे म्हणजे नोकरीतला, संसारातला मोठा तुकडा.

यावर सर्वांत परिणामकारक उपाय गेली ८० वर्षे उपलब्ध आहे. तो म्हणजे कमी पडलेले इस्ट्रोजेन औषधाच्या रूपात देणे. हॉर्मोन रिप्लेसमेंट थेरपी किंवा एचआरटी या नावाने लोक त्याला ओळखतात. अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब केला तर बनावट गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत या औषधाने वाफांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी कमी होते. तरीही ओपीडीत या औषधाचे नाव काढले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘त्यानं कॅन्सर होतो म्हणे?’

याला ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी एकशब्दी दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही चूक आहेत.

भीती कुठून आली

अमेरिकेत १९४२ साली गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या बाजारात आल्या. १९६६ साली रॉबर्ट विल्सन नावाच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाने ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक लिहिले. पाळी जाणे हा जणू एक आजारच आहे आणि गोळी घेतली की स्त्री कायम तरुण राहील, असा त्याचा सूर होता. पुस्तक धडाक्याने खपले. लेखकाच्या संस्थेला औषध कंपन्यांचा पैसा मिळत होता, हे पुढे उघड झाले. १९७५ साली लक्षात आले की नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी वाढतो. इस्ट्रोजेन हे अस्तर वाढवत राहते आणि त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन त्या गोळीत नव्हते. तेव्हापासून नियम झाला: गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्या कुळातले औषध द्यायचेच. गर्भाशय काढलेले असेल तर सहसा एकटे इस्ट्रोजेन पुरते. हा नियम आजही तसाच आहे आणि तो मोडला जाताना दिसला तर रुग्णाने खुशाल विचारावे.

नव्वदच्या दशकात हवा पुन्हा बदलली. गोळी घेणाऱ्या अमेरिकन परिचारिकांत हृदयविकार कमी आढळत होता. त्यावरून ही गोळी हृदयाचे रक्षण करते असे मानले जाऊ लागले आणि वाफा असोत-नसोत, साठीच्या-सत्तरीच्या बायकांनाही ती दिली जाऊ लागली. पण गोळी घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक शिकलेल्या, अधिक सुस्थितीतल्या आणि प्रकृतीला जपणाऱ्या असतील तर? मग श्रेय गोळीचे की राहणीमानाचे? हे कळायचे तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरी आणि निम्म्यांना बनावट गोळी द्यायला हवी. अमेरिकी सरकारच्या पैशाने तसा प्रचंड प्रयोग झाला. त्याचे नाव वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांची जोडगोळी किंवा बनावट गोळी देण्यात आली. प्रयोग साडेआठ वर्षे चालायचा होता. सरासरी ५.२ वर्षांतच, जुलै २००२ मध्ये, तो थांबवण्यात आला.

जगभरच्या वृत्तपत्रांत बातमी आली: स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो. हृदयविकार २९ टक्क्यांनी, पक्षाघात ४१ टक्क्यांनी. अमेरिकेत दीड-दोन वर्षांत या औषधाच्या चिठ्ठ्या एक तृतीयांशाहून अधिक घटल्या. आपल्याकडे मुळात हे औषध घेणाऱ्या स्त्रिया थोड्या होत्या. पण भीती मात्र पूर्ण आली. त्या सुमारास शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या अख्ख्या पिढीने हे औषध लिहिण्याचा हात कधी बसवलाच नाही.

आता त्या २६ टक्क्यांकडे पाहू. बनावट गोळी घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षभरात ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला. खरी गोळी घेणाऱ्या दहा हजारांत ३८ जणींना. म्हणजे वर्षाला दहा हजारांत आठ जास्त. याच हिशेबाने हृदयविकाराच्या सात, पक्षाघाताच्या आठ आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याच्या आठ घटना जास्त झाल्या. दुसऱ्या बाजूला मोठ्या आतड्याचे कर्करोग सहा आणि खुब्याचे फ्रॅक्चर पाच कमी झाले. ‘२६ टक्के’ आणि ‘दहा हजारांत आठ’ ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. पहिल्याने झोप उडते आणि दुसऱ्याने विचार करता येतो, एवढाच फरक. आणि त्या आठ जणींसाठी आकडा लहान नसतो, हेही तितकेच खरे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट बातमीच्या मथळ्यात आलीच नाही. या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. दोन तृतीयांश स्त्रिया साठीच्या पुढच्या होत्या, काही तर ७९ वर्षांच्या. पाळी जाऊन दहा-पंधरा-वीस वर्षे झालेल्या, रक्तवाहिन्यांत चरबीचे थर बसलेल्या स्त्रियांना अचानक इस्ट्रोजेन देऊन पाहिले गेले आणि आलेला निष्कर्ष ४८ वर्षांच्या, रात्रभर घामाने भिजणाऱ्या बाईला लागू केला गेला. पुढे वयानुसार आकडे वेगळे काढल्यावर दिसले की पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत औषध सुरू करणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका वाढलेला नव्हता; जसजशी वर्षे उलटली तसतसा तो वाढत गेला. ६५ नंतर औषध सुरू केलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाणही दुप्पट आढळले होते. थोडक्यात, औषध तेच, पण वेळ चुकली की परिणाम बदलतो.

त्याच प्रयोगाचा दुसरा भाग गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांवर झाला. त्यांना एकटे इस्ट्रोजेन दिले होते. पक्षाघात वाढल्याचे दिसल्याने २००४ मध्ये तोही थांबवला गेला. पण या गटात स्तनाचा कर्करोग वाढला नव्हता. वीस वर्षांच्या पाठपुराव्यात तो उलट कमी आढळला. जोडगोळीच्या गटात कर्करोगाचे प्रमाण जास्तच राहिले, मात्र त्याने होणाऱ्या मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. २०१७ साली १८ वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा सर्व कारणांनी होणारे एकूण मृत्यू खऱ्या आणि बनावट गोळीच्या गटांत जवळपास सारखेच निघाले.

म्हणजे सगळे आलबेल आहे का? तसेही नाही. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा मोठा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. पन्नाशीत औषध सुरू करून पाच वर्षे घेतले, तर ५० ते ६९ या वीस वर्षांत किती जास्त कर्करोग होतात, हे त्यात मांडले होते. रोज जोडगोळी घेणाऱ्या ५० स्त्रियांमागे एक जास्त, महिन्यातले काही दिवसच प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्या ७० मागे एक, एकटे इस्ट्रोजेन घेणाऱ्या २०० मागे एक. एकट्या इस्ट्रोजेनबाबत हा हिशेब आणि अमेरिकी प्रयोग एकमेकांशी जुळत नाहीत आणि तज्ज्ञांत त्यावर अजून वाद आहे. जोडगोळीबाबत मात्र वाद नाही: धोका आहे, तो जितकी वर्षे घ्याल तितका वाढतो, आणि औषध थांबवल्यावरही काही काळ रेंगाळतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या औषधांच्या वेष्टनावरचा हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांविषयीचा ठळक चौकटीतला इशारा काढण्याचा निर्णय जाहीर केला. त्यावर समाजमाध्यमांत ‘एचआरटी आता सुरक्षित’ अशा चित्रफितींचा पूर आला. १९६६ ची हवा पुन्हा वाहू लागल्यासारखे वाटावे, इतका. हाडे, हृदय, मेंदू, त्वचा, तारुण्य, सगळ्यासाठी एकच गोळी. काहीही त्रास नसलेल्या स्त्रीने केवळ पुढचे आजार टळावेत म्हणून ही गोळी घ्यावी, याला आजही पुरेसा आधार नाही. २००२ साली भीती अति झाली होती, याचा अर्थ आता उत्साह अति करावा असा होत नाही.

आपल्याकडचा हिशेब

वरचे बहुतेक आकडे मुख्यतः गोऱ्या, पाश्चात्त्य स्त्रियांचे आहेत. भारतात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अमेरिकेच्या निम्म्याहूनही कमी आहे. मूळ धोकाच कमी असेल तर त्यात पडणारी भरही आकड्याने कमी असणार. पण आनंद मानायच्या आधी दुसरी बाजू पाहावी लागते. भारतीयांत हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकरच्या वयात गाठतो, चाळिशी-पन्नाशीतला मधुमेह घरोघरी आहे, आणि रक्तदाब आहे हे माहीतच नसलेल्या स्त्रिया पुष्कळ. त्यामुळे इथे गोळी लिहिण्याआधी मॅमोग्राफीइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, रक्तदाबाच्या यंत्राला आणि साखरेच्या तपासणीला महत्त्व आहे. ‘विडी-सिगारेट ओढता का’ या प्रश्नाला आपल्याकडची बाई ‘छे’ म्हणते आणि ते खरेच असते. ‘मिश्री लावता का’ हे वेगळे विचारावे लागते.

कर्करोगावर नजर ठेवण्याची सोय काय, हाही प्रश्न आहेच. परदेशात ठरावीक वर्षांनी मॅमोग्राफीचे बोलावणे येते, तसे इथे येत नाही. पण हाताने केलेली तपासणी कमी लेखू नये. मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाखांवर स्त्रियांवर टाटा स्मारक रुग्णालयाने वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तनांची तपासणी केली, त्या गटात कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडले आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांपुढच्या प्रत्येक स्त्रीची ही तपासणी आरोग्य केंद्रात मोफत होते. हॉर्मोन घेणाऱ्या स्त्रीने ती दरवर्षी करून घ्यावी, आणि शक्य असेल तिथे मॅमोग्राफी.

एक गंमत इथे सांगायला हवी. जी घरे एचआरटीच्या नावाने दचकतात, त्याच घरांत गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात आणि सासू, सून, शेजारीण अशा वाटून घेतल्या जातात. तेही हॉर्मोनच आहे आणि त्यानेही रक्तात गुठळी होऊ शकते. तिथे कुणी रक्तदाब मोजत नाही.

गुठळीचा प्रश्न आता बराच सोडवता येतो. गोळी पोटातून थेट यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. तेच इस्ट्रोजेन त्वचेवर चोळायच्या जेलमधून किंवा पट्टीतून दिले तर ते यकृताला वळसा घालून रक्तात मिसळते. फ्रान्समधल्या अभ्यासांत गोळीने गुठळीचा धोका वाढलेला दिसला, त्वचेतून दिलेल्या औषधाने दिसला नाही. लठ्ठपणा, मधुमेह, आटोक्यात असलेला रक्तदाब अशा स्त्रियांना म्हणूनच जेल बरे. ते गोळीपेक्षा महाग पडते आणि सगळीकडे मिळत नाही, ही अडचण आहे. आजच्या गोळीत आणि जेलमध्ये बहुतेक वेळा घोडीचे नव्हे, तर वनस्पतींतल्या घटकांपासून बनवलेले आणि बीजांडकोशात तयार होते अगदी तसेच इस्ट्रॅडिऑल असते. सोबत नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल दिली तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका जुन्या प्रोजेस्टिनपेक्षा कमी असावा असे फ्रान्समधल्याच निरीक्षणांवरून दिसते.

मग घ्यावे कुणी? वय साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षे झालेली नाहीत, वाफा-घाम-झोपमोड यांनी जगणे अवघड केले आहे आणि मनाई असलेला कोणताही आजार नाही, अशा स्त्रीला या औषधाचा फायदा सहसा तोट्याहून मोठा असतो. स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झालेला असेल, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, पायात वा फुप्फुसात गुठळी झाली असेल, यकृताचा आजार चालू असेल, तर नाही. अंगावरून कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल तर आधी त्याचे कारण शोधायचे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी लाल दिसला तरी तो ‘उष्णतेने’ नसतो. अस्तराचा कर्करोग नाही ना, हे तपासावेच लागते. औषधाच्या पहिल्या काही महिन्यांत थोडे डाग पडू शकतात. पण तेही डॉक्टरांना सांगायचे, आणि सहा महिन्यांनंतरही थांबले नाहीत तर तपासून घ्यायचे.

किती वर्षे घ्यायचे याचा ठरलेला आकडा नाही. लागेल तेवढ्या कमी मात्रेत, आणि दरवर्षी ‘अजून गरज आहे का’ हे विचारत. आणखी एक गोष्ट अनेकींना कुणी सांगत नाही: ही गोळी गर्भनिरोधक नाही. पाळी मागेपुढे होत असताना दिवस राहू शकतात. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर दोन वर्षे, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यावी लागते.

ज्यांना हॉर्मोन चालत नाही किंवा नको आहे त्यांच्यासाठी दुसरी औषधे आहेत. नैराश्यावरची काही औषधे कमी मात्रेत वाफा कमी करतात. स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीला मात्र त्यांतले पॅरॉक्सेटिन देऊ नये, ते टॅमॉक्सिफेनचे काम बिघडवते. गॅबापेन्टिन रात्रीच्या घामाला उपयोगी पडते. मेंदूतल्या त्या अति जाग्या पेशींवरच काम करणारे फेझोलिनेटन्ट नावाचे नवे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाले. यकृतावर त्याचा परिणाम होऊ शकतो म्हणून रक्ततपासणी करत राहावे लागते. सोयाबीन, जवस, शतावरी यांची जाहिरात जोरात असते. त्याबाबत एवढेच लक्षात ठेवावे: या दुखण्याच्या चाचण्यांत नुसत्या बनावट गोळीनेही वाफा निम्म्याहून अधिक कमी झालेल्या आहेत. त्यामुळे ‘मला त्या चूर्णाने फरक पडला’ हे सांगणारी मैत्रीण खोटे बोलत नसते, पण फरक चूर्णाने पडला हे त्यातून सिद्ध होत नाही.

तिशीतच पिशवी काढलेल्यांचे काय?

आतापर्यंतची चर्चा पाळी आपल्या वेळेला गेलेल्या स्त्रियांची झाली. या औषधाची खरी निकड ज्यांना आहे त्या स्त्रिया वेगळ्याच आहेत, आणि त्यांच्यापर्यंत ही चर्चा पोचतच नाही.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहा जणींमागे एक. कारणे साऱ्यांना ठाऊक आहेत. मुकादमाकडून नवरा-बायकोच्या कोयत्यावर उचल घेतलेली असते. पाळीच्या दिवसांत काम झाले नाही की खाडा पडतो, खाड्याला दंड. फडावर ना संडास ना आडोसा. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेले की ‘पिशवी सडलीय, कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते. दोन-तीन मुले झालेली असतात, मग काढून टाकली की कटकट गेली. त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. देशपातळीवरही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या सुमारे तीन स्त्रियांची पिशवी काढलेली आढळते. यांतल्या दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांतल्या आहेत. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांवरून सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये राज्यांना मार्गदर्शक सूचना अमलात आणण्यास सांगितले.

शस्त्रक्रिया का झाली यावर बरेच लिहिले गेले. शस्त्रक्रियेनंतर तिच्या शरीराचे पुढे काय होते, यावर फार थोडे. पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले असतील तर ३२ वर्षांच्या बाईचे इस्ट्रोजेन एका दुपारीतून संपते. नैसर्गिकरीत्या जे उतरायला काही वर्षे लागतात ते काही तासांत होते. वाफा येतात त्या तीव्र. पण वाफा हा त्यातला लहान भाग. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटू शकते. ही घसरण पन्नाशीऐवजी तिशीत सुरू झाली तर पंचेचाळिशीत मणका दबतो, मनगट मोडते. लवकर बीजांडकोश काढलेल्या आणि हॉर्मोन न मिळालेल्या स्त्रियांत हृदयविकाराचे आणि स्मृतिभ्रंशाचे प्रमाणही अधिक आढळते. आणि ही बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढणारी असते. बीजांडकोश मागे ठेवले असले तरी पूर्ण सुटका नसते. पिशवी काढल्यावर ते एरवीपेक्षा काही वर्षे आधी थकतात, आणि पाळीच नसल्याने ते कधी थकले हे कळतही नाही.

अशा स्त्रीला इस्ट्रोजेन देणे म्हणजे निसर्गाने जे दिले असते तेवढेच परत करणे. चाळिशीच्या आत, कोणत्याही कारणाने, बीजांडकोश बंद पडलेल्या प्रत्येक स्त्रीला मनाई नसेल तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हॉर्मोन द्यावे याबाबत जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत एकमत आहे. चाळीस ते पंचेचाळीसमध्ये पाळी गेलेल्यांनाही तेच सांगितले जाते. इथे २००२ चे आकडे लावणे सपशेल चूक आहे. ते ६३ वर्षांच्या स्त्रियांचे होते, ज्यांना शरीराने थांबवलेले हॉर्मोन पुन्हा दिले गेले. ३२ वर्षांच्या बाईकडे ते असायलाच हवे होते. तिची पिशवी नसल्यामुळे तिला बहुतेक वेळा एकटे इस्ट्रोजेन पुरते, म्हणजे वादातला सगळ्यांत धोक्याचा घटक, तो प्रोजेस्टिन, तिला लागतही नाही. आणि तरीही ‘कॅन्सर होईल’ म्हणून पिशवी काढलेल्या बाईला ‘कॅन्सर होईल’ म्हणूनच हॉर्मोन नाकारले जाते. तिला मिळतात कॅल्शियमच्या गोळ्या. त्या वाईट नाहीत, पण इस्ट्रोजेनशिवाय हाड राखायला त्या पुऱ्या पडत नाहीत.

साधे मलमही या स्त्रियांना ठाऊक नसते. योनीमार्ग कोरडा पडणे, संबंधाच्या वेळी दुखणे, लघवीला जळजळ, पुन्हापुन्हा जंतुसंसर्ग, हा त्रास वाफांसारखा काही वर्षांनी जात नाही, वाढत जातो. आतून लावायचे इस्ट्रोजेनचे क्रीम यावर चांगला उपाय आहे. रोज दोन आठवडे, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात ते जवळजवळ मिसळत नाही, पिशवी असली तरी सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही, आणि साठी-सत्तरीतही वापरता येते. ‘या वयात काय सांगायचं’ म्हणून वर्षानुवर्षे जंतुनाशक गोळ्या खाणाऱ्या कितीतरी आज्या एका ट्यूबने बऱ्या होऊ शकतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल तर मात्र आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारावे.

पिशवी काढलेल्या स्त्रीला ‘बीजांडकोश ठेवले आहेत की काढले?’ असे विचारले तर उत्तर बहुधा ‘सगळं काढलं’ असे येते. सगळे म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितलेले नसते. उत्तर डिस्चार्ज कार्डावर असते. शस्त्रक्रियेच्या नावात गर्भाशयाबरोबर दोन्ही बाजूंचे बीजांडकोश काढल्याचा उल्लेख आहे का, हे एखाद्या नर्सताईकडून किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून वाचून घ्यावे. पिशवीच्या तपासणीचा पॅथॉलॉजीचा अहवाल मागून घ्यावा, तो मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. कार्ड फडावरच्या खोपीत भिजून गेले असेल तर सोनोग्राफीत बीजांडकोश दिसतात का ते पाहता येते, आणि एफएसएच नावाची रक्ताची तपासणी ते काम करताहेत की नाही याचा अंदाज देते. या दोन गोष्टी घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोग विभागात जायचे, आणि केसपेपर काढतानाच सांगायचे की पाळी अमुक वर्षापासून नाही.